टर्मिनल ब्लॉक आणि कनेक्टर कसे निवडायचे: सुरुवात तारेपासून करा

बिघाड झालेलं पॅनल उघडल्यावर जे काळवंडलेलं, वितळलेलं दिसतं ते बहुतेक वेळा एखादं टर्मिनल असतं. तार सहसा शाबूत असते, मोटरही शाबूत असते, जळालेला असतो तो त्या दोघांमधला जोड. तरीही खरेदीच्या यादीत टर्मिनल सगळ्यात शेवटी येतं आणि निवडताना एकच प्रश्न विचारला जातो: किती अँपिअरचं? हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो पहिला नाही. पहिला प्रश्न असा, की या टर्मिनलात कोणती तार बसणार आहे? तिची जाडी किती, ती एकसंध आहे की बारीक तारांची, तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची? याची उत्तरं हातात असली की निम्मे पर्याय आपोआप गळतात. म्हणून या लेखात तोच क्रम ठेवला आहे.

जोड का तापतो

दोन धातूंचे पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी ते एकमेकांना काही मोजक्या बिंदूंवरच टेकतात. सगळा करंट त्या बिंदूंमधून जातो. दाब जितका जास्त, तितके हे बिंदू जास्त आणि मोठे, आणि तितका रोध कमी. टर्मिनलचं मुख्य काम म्हणजे हा दाब वर्षानुवर्षं टिकवून ठेवणं.

दाब कमी झाला तर काय होतं ते आकड्यांत पाहू. उष्णता ही करंटचा वर्ग गुणिले रोध, या हिशेबाने निर्माण होते. चांगल्या जोडाचा रोध १ मिलिओहम धरला आणि २० अँपिअर करंट वाहत असला, तर तिथे ०.४ वॅट उष्णता निघते. ती सहज विरून जाते. तोच जोड सैल पडून रोध ५० मिलिओहमवर गेला, तर २० वॅट होतात. नखाएवढ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात एखादी छोटी सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखं हे आहे. तापल्यावर धातूवर ऑक्साईडचा थर वाढतो, त्याने रोध आणखी वाढतो, आणि जोड आणखी तापतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

यात सर्वांत धोक्याची गोष्ट अशी, की एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पुरवठा तोडणारा स्विच, इथे मदतीला येत नाही. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमीच होतो. गळतीही नसते, त्यामुळे गळती ओळखणाऱ्या आरसीसीबीलाही काही कळत नाही. जोड जळत राहतो आणि संरक्षणाची सगळी साधनं शांत असतात. म्हणूनच टर्मिनलची निवड आणि ते बसवण्याची रीत इतक्या बारकाईने पाहायला हवी.

पायरी १: तार नीट ओळखा

तारेची जाडी तिच्या तांब्याच्या छेदाच्या क्षेत्रफळात, म्हणजे चौरस मिलिमीटरमध्ये सांगतात: ०.५, ०.७५, १, १.५, २.५, ४, ६, १० आणि पुढे. काही यंत्रांवर अमेरिकन गेज लिहिलेलं असतं. तिथे लक्षात ठेवण्यासारखं इतकंच, की १८ गेज म्हणजे साधारण ०.८ चौ. मिमी, १४ गेज म्हणजे २.१ आणि १२ गेज म्हणजे ३.३. आकडा वाढला की तार बारीक होते. वरून मोजलेला व्यास फसवतो, कारण त्यात इन्सुलेशनही येतं.

जाडीइतकंच महत्त्व तारेच्या घडणीला आहे. आयईसी या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ६०२२८ या मानकात तिचे वर्ग दिले आहेत. वर्ग १ म्हणजे एकसंध तार, वर्ग २ म्हणजे थोड्या जाड तारा पिळून केलेली ताठ वायर, वर्ग ५ म्हणजे अनेक बारीक तारांची लवचीक वायर आणि वर्ग ६ त्याहूनही लवचीक. एकाच टर्मिनलच्या माहितीपत्रकात या वर्गांसाठी वेगवेगळ्या मर्यादा दिलेल्या असतात. ज्या टर्मिनलात ४ चौ. मिमीची एकसंध तार जाते, त्यात फेरूल (टोकावर चढवून चेपायची धातूची नळी) चढवलेली लवचीक वायर कदाचित २.५ पर्यंतच जाईल, कारण फेरूलची नळीही जागा घेते. फक्त सर्वांत मोठा आकडा वाचून टर्मिनल मागवलं की ही अडचण हमखास येते.

खालची मर्यादाही तितकीच खरी असते. १० चौ. मिमीच्या टर्मिनलात ०.५ ची वायर घातली, तर ती तार पकडणाऱ्या धातूच्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सरकते आणि स्क्रू घट्ट वाटूनही वायर मोकळीच राहते.

आता ॲल्युमिनियम. तांब्यासाठी बनवलेल्या टर्मिनलात ॲल्युमिनियमची तार घालू नका. तिच्यावर हवेत लगेच ऑक्साईडचा कडक थर येतो आणि तो वीज वाहू देत नाही. तापल्यावर ॲल्युमिनियम तांब्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त प्रसरण पावतं. सततच्या दाबाखाली ते हळूहळू पसरत जातं, त्यामुळे आज घट्ट केलेला स्क्रू काही महिन्यांनी सैल होतो. त्यात ओलावा असेल तर दोन धातूंच्या संपर्काने गंजही सुरू होतो. ॲल्युमिनियमची केबल असेल तर टर्मिनलवर दोन्ही धातूंची परवानगी स्पष्ट लिहिलेली हवी, नाहीतर बायमेटल लग, म्हणजे केबलच्या टोकावर चेपायचा दोन धातूंचा तुकडा, वापरावा. तार घासून साफ करून लगेच जोडासाठीची ग्रीस लावावी, म्हणजे ऑक्साईड पुन्हा चढत नाही.

पायरी २: अँपिअरचा आकडा कसा वाचायचा

डिन रेलवरच्या (पॅनलमधल्या, टर्मिनलं अडकवायच्या धातूच्या पट्टीवरच्या) तांब्यासाठीच्या टर्मिनलांना आयईसी ६०९४७-७-१ हे मानक लागू होतं. त्यात प्रत्येक आकाराला चाचणीचा करंट ठरलेला आहे: १.५ चौ. मिमीला १७.५ अँपिअर, २.५ ला २४, ४ ला ३२, ६ ला ४१, १० ला ५७ आणि १६ ला ७६. हा करंट वाहताना टर्मिनलचं तापमान भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांहून जास्त वाढता कामा नये, अशी अट असते.

या आकड्याच्या मागच्या गोष्टी लक्षात घ्या. चाचणीत त्या आकाराची पूर्ण जाडीची तार लावलेली असते. तुम्ही ४ चौ. मिमीच्या टर्मिनलात १.५ ची वायर लावली, तर ३२ अँपिअर तुमच्यासाठी नाहीत. तिथे मर्यादा वायरचीच. शिवाय पॅनल बंद असतं, आत ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) आणि पॉवर सप्लाय उष्णता सोडत असतात, आणि हवा ५० अंशांवर गेलेली असू शकते. अशा वेळी कंपनीने दिलेला तापमान आणि करंटचा आलेख पाहणं हाच खरा मार्ग. आलेख मिळाला नाही, तर सतत चालणाऱ्या लोडसाठी लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांवर थांबावं. पॉवरच्या टर्मिनलांसाठी मी तर वायरपेक्षा एक आकार मोठंच टर्मिनल सुचवीन. जागा दोन मिलिमीटर जास्त जाते, पण जोड थंड राहतो आणि पुढे जाड वायर टाकायची वेळ आली तर टर्मिनल बदलावं लागत नाही.

शेजारच्या टर्मिनलांना जोडणाऱ्या जंपरचा करंट वेगळा लिहिलेला असतो आणि तो कधी कधी टर्मिनलपेक्षा कमी असतो. अनेक पिनांच्या कनेक्टरचंही तसंच आहे. 'प्रति पिन १० अँपिअर' हा आकडा थोड्याच पिना भरलेल्या असताना खरा असू शकतो. बारा पिनांमधून एकदम करंट वाहू लागला की मधल्या पिनांची उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही आणि मर्यादा बरीच खाली येते.

पायरी ३: व्होल्टेज आणि अंतरं

व्होल्टेजची मर्यादा धातूच्या दोन भागांमधल्या अंतरावर ठरते. एक हवेतलं थेट अंतर आणि दुसरं प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर. पृष्ठभागावर धूळ आणि ओल साचली की दुसरं अंतर अपुरं पडतं आणि तिथून हळूहळू करंट सरपटू लागतो. म्हणूनच एकाच टर्मिनलवर दोन-तीन व्होल्टेज लिहिलेले दिसतात. स्वच्छ बंद खोलीसाठी, म्हणजे प्रदूषण श्रेणी २ साठी, आकडा मोठा असतो. धुळीच्या कारखान्यासाठी, म्हणजे श्रेणी ३ साठी, तो लहान असतो. आपली जागा कोणती ते प्रामाणिकपणे ठरवा आणि त्याच ओळीतला आकडा धरा.

छापील सर्किटवरच्या टर्मिनलांत आणखी एक सापळा आहे. दोन पिनांमधलं अंतर ५.०० मिमी आणि ५.०८ मिमी असे दोन प्रकार बाजारात शेजारी शेजारी असतात. दोन-तीन पिनांच्या टर्मिनलात फरक जाणवत नाही आणि एकाच्या जागी दुसरं बसून जातं. बारा पिनांच्या पट्टीत मात्र हाच फरक अकरा वेळा जमा होऊन ०.८८ मिमी होतो आणि शेवटची पिन भोकात जात नाही. ३.५० आणि ३.८१ चंही तसंच. बोर्ड बनवायला देण्याआधी टर्मिनलचा नेमका क्रमांक ठरलेला असला पाहिजे.

पायरी ४: तार पकडायची कशी

निवडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, कारण दाब किती काळ टिकणार ते इथे ठरतं.

सर्वांत साधा प्रकार म्हणजे पितळेच्या नळीत तार घालून वरून स्क्रू आवळायचा. दिव्यांच्या आणि पंख्यांच्या जोडणीत दिसणारी, सुरीने कापून तुकडे करता येणारी कनेक्टर पट्टी याच जातीची. यात स्क्रूचं टोक थेट तारेवर फिरतं. एकसंध तारेला ते चालतं. लवचीक वायरच्या बारीक तारा मात्र त्या टोकाखाली तुटतात आणि बाजूला पसरतात. लवचीक वायरसाठी ही पट्टी वापरायचीच असेल तर टोकाला फेरूल हवाच, किंवा स्क्रूखाली पातळ पत्रा असलेली पट्टी घ्यावी.

डिन रेलवरचं चांगलं स्क्रू टर्मिनल वेगळं असतं. त्यात स्क्रू फिरवला की धातूचा पिंजरा वर सरकतो आणि तार पिंजरा व वाहक पट्टी यांच्यात सपाट दाबली जाते. तारेला इजा होत नाही. हे टर्मिनल दणकट असतं, जाड केबल नीट धरतं आणि कुठल्याही स्क्रूड्रायव्हरने उघडता येतं. त्याची एकच उणीव म्हणजे दाब आवळणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहतो. म्हणून टॉर्कचे आकडे पाळायला हवेत. स्क्रू एम २.५ असेल तर ०.४ न्यूटन मीटर, एम ३ ला ०.५, एम ३.५ ला ०.८, एम ४ ला १.२ आणि एम ५ ला २ हे चाचणीतले नेहमीचे आकडे. टर्मिनलवर कंपनीने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा. कमी आवळलं तर जोड तापतो हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त आवळल्याने आटे जातात, पिंजरा वाकतो आणि तारा चिरडतात, हे मात्र विसरलं जातं. टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर ही चैन आहे असं समजू नका. पॅनलचं काम रोज करणाऱ्याने तो घ्यावाच.

स्प्रिंगच्या टर्मिनलात दाब स्टीलची स्प्रिंग देते. चौकोनी भोकात स्क्रूड्रायव्हर खुपसून ती उघडायची, तार घालायची आणि स्क्रूड्रायव्हर काढायचा. तांबं किंचित बसलं तरी स्प्रिंग मागे मागे येते आणि दाब कायम राहतो. जिथे थरथर आहे, म्हणजे कॉम्प्रेसर, रेल्वेचे डबे, प्रेस मशिन, तिथे मी विचार न करता स्प्रिंगच निवडीन. पुश-इन हा त्याचाच पुढचा अवतार. यात एकसंध तार किंवा फेरूल चढवलेली वायर नुसती ढकलायची. फेरूल नसलेली लवचीक वायर घालायची असेल तर बटण दाबून स्प्रिंग उघडावी लागते, आणि सोडवायलाही तेच बटण. शेकडो वायरींच्या पॅनलमध्ये यात वेळेची मोठी बचत होते.

खटक्याचे छोटे कनेक्टर घरगुती जोडणीत आता चांगलेच रुळले आहेत. पारदर्शक कवच, वर नारिंगी खटका, दोन, तीन किंवा पाच तारांची जागा. वागोची २२१ मालिका याचं ओळखीचं उदाहरण. तिच्या नेहमीच्या आकाराला ४ चौ. मिमीपर्यंतची तार चालते आणि ती ११ मिमी सोलावी लागते. एकसंध आणि लवचीक तार एकाच कनेक्टरात जोडता येते हा याचा मोठा गुण. दिव्यातून आलेली लवचीक वायर छतातल्या ताठ तारेला जोडताना पीळ मारून टेप गुंडाळण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे. मात्र असे जोड उघडे सोडू नयेत. ते झाकणाच्या जंक्शन बॉक्समध्ये आणि पुन्हा हात पोहोचेल अशा जागीच हवेत.

मोठ्या करंटसाठी आणि मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये स्टडवर बसणारे रिंगचे लग लागतात. नट थोडा सैल झाला तरी रिंग निसटत नाही. काट्याच्या आकाराचा लग काढायला सोपा, पण तो निसटू शकतो, म्हणून थरथरीच्या जागी रिंगच. इन्सुलेशन असलेल्या लगांचे रंग ठरलेले आहेत: लाल ०.५ ते १.५ चौ. मिमीला, निळा १.५ ते २.५ ला आणि पिवळा ४ ते ६ ला.

पायरी ५: टर्मिनलने काय काम करायचं आहे

साधं आरपार टर्मिनल एका बाजूची तार दुसऱ्या बाजूला पोहोचवतं. दोन-तीन मजली टर्मिनल तेच काम कमी जागेत करतं. सेन्सरच्या तीन वायरींसाठी ते फार सोयीचं, पण खालच्या मजल्यावरची वायर तपासताना वरच्या वायरी आड येतात. पॉवरसाठी मजले टाळावेत.

अर्थिंगचं टर्मिनल हिरवं-पिवळं असतं आणि त्याचा पाय रेलच्या धातूला पकडून थेट संपर्क करतो. त्यामुळे रेलवर रंग किंवा गंज नको, आणि रेल स्वतः पॅनलच्या अर्थिंगला पक्की जोडलेली हवी. हिरवं-पिवळं टर्मिनल न्यूट्रलसाठी किंवा फेजसाठी कधीही वापरू नये.

फ्यूज टर्मिनलात दिवा असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. फ्यूज उडाल्यावर तो दिवा पेटतो, म्हणजेच त्यातून थोडा करंट पुढे जात असतो. पुढची तार मृत आहे असं समजून हात लावू नये.

करंट ट्रान्सफॉर्मर (सीटी) मोठा करंट मीटरसाठी लहान करून देतो. त्याच्या दुय्यम, म्हणजे मीटरकडच्या, बाजूसाठी वेगळंच टर्मिनल लागतं. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण चूक जिवावर बेतू शकते. प्राथमिक बाजूला करंट वाहत असताना सीटीची दुय्यम बाजू उघडी पडली, तर त्या टोकांवर शेकडो ते हजारो व्होल्ट उभे राहू शकतात. मीटर बदलण्यासाठी तार नुसती सोडवली तरी हे घडतं. म्हणून तिथे शॉर्टिंगची सोय असलेलं टेस्ट-डिस्कनेक्ट टर्मिनल वापरतात. आधी लिंक लावून सीटीची दोन टोकं एकमेकांना जोडायची, मग सरकपट्टी उघडून मीटर वेगळा करायचा. परत जोडताना क्रम उलटा. साधं आरपार टर्मिनल स्वस्त पडतं म्हणून इथे लावू नका.

रेलवरच्या टर्मिनलांबरोबर लागणारं सामान यादीत आधीच लिहा. बहुतेक टर्मिनलांची एक बाजू उघडी असते, तेव्हा रांगेच्या शेवटी एंड प्लेट हवी, नाहीतर जिवंत धातू उघडा राहतो. रांग सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना एंड क्लॅम्प. रेल नेहमीची ३५ मिमी रुंदीची. २.५ चौ. मिमीचं टर्मिनल साधारण ५.२ मिमी जागा घेतं, ४ चं ६.२ आणि ६ चं ८.२. समजा ४ चौ. मिमीची वीस टर्मिनलं हवी आहेत, तर १२४ मिमी, अधिक क्लॅम्प, अधिक पुढच्या वाढीसाठी निदान पाचवा हिस्सा मोकळा.

पायरी ६: जागा कशी आहे

बहुतेक टर्मिनलांचं कवच पॉलिअमाइडचं असतं आणि ते बहुतेक ठिकाणी पुरतं. हीटर, भट्टी, ओव्हन यांच्या अगदी जवळ मात्र पोर्सिलेनचं टर्मिनल लागतं, आणि तिथली वायरही उष्णता सहन करणाऱ्या इन्सुलेशनची हवी. रेलवरचं टर्मिनल बहुधा आयपी २० (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) असतं, म्हणजे बोट जिवंत भागाला लागत नाही, पण पाण्यापासून संरक्षण शून्य. ओलावा असेल तर पाणी अडवणं हे बॉक्सचं आणि केबल आत येते तिथल्या ग्लँडचं काम. बॉक्स आयपी ६५ घेऊन ग्लँडचं भोक सैल ठेवलं, तर त्या आकड्याला अर्थ उरत नाही.

अगदी क्षीण सिग्नल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलसारखे, जिथे जातात तिथे संपर्काचा मुलामा पाहावा. कथिलाचा मुलामा पॉवरला ठीक आहे, क्षीण सिग्नलला सोन्याचा बरा. एका बाजूला सोनं आणि दुसऱ्या बाजूला कथिल अशी जोडी लावू नये. सूक्ष्म थरथरीने कथिलावर ऑक्साईड साचतो आणि सिग्नल अधूनमधून तुटतो. असा बिघाड शोधणं फार जिकिरीचं असतं.

पायरी ७: पुन्हा पुन्हा सोडवायचं असेल तर कनेक्टर

जो जोड देखभालीसाठी सोडवावा लागणार आहे, तिथे प्लग-सॉकेटचा कनेक्टर घ्यावा. जो कधी सोडवायचा नाही, तिथे तो घेऊ नये, कारण प्रत्येक कनेक्टर म्हणजे वाढीव संपर्कबिंदू.

कनेक्टरचा पहिला नियम असा, की जिथून वीज येते त्या बाजूला नेहमी सॉकेट, म्हणजे झाकलेले संपर्क. उघड्या पिनांची बाजू लोडकडे. दुसरं, अर्थिंगची पिन सर्वांत आधी जुळली पाहिजे आणि सर्वांत शेवटी सुटली पाहिजे, म्हणून चांगल्या कनेक्टरात ती लांब असते. तिसरं, चुकीचा प्लग चुकीच्या सॉकेटात जाताच कामा नये. एकाच मशिनवर सारखे दिसणारे दोन कनेक्टर असतील तर खाचा वेगळ्या असलेले घ्या, नुसत्या चिठ्ठीवर विसंबू नका.

सेन्सरसाठीच्या एम १२ कनेक्टरात हा विचार आधीच केलेला आहे. कोडिंग म्हणजे खाचेचा ठरलेला आकार: ए कोडिंग सेन्सर आणि डीसी पुरवठ्याला, डी कोडिंग १०० मेगाबिट इथरनेटला आणि एक्स कोडिंग १० गिगाबिटपर्यंतच्या इथरनेटला. औद्योगिक प्लगांतही आयईसी ६०३०९ नुसार रंग ठरलेले आहेत: पिवळा ११० व्होल्ट पातळीला, निळा २३० ला, लाल ४०० ला.

सोलर पॅनलच्या एमसी४ जातीच्या कनेक्टरांबद्दल दोन इशारे. करंट वाहत असताना ते ओढून काढू नका. एसीमध्ये करंट प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीमध्ये तशी संधी नसते आणि ओढलेला आर्क तसाच जळत राहतो. आधी डीसी आयसोलेटर बंद करा. दुसरं, एका कंपनीचा प्लग दुसऱ्या कंपनीच्या सॉकेटात बसला तरी ते जुळले असं नसतं. धातू, मुलामा आणि मापांतला सूक्ष्म फरक उन्हात वर्षानुवर्षं तापून जोड खराब करतो. दोन्ही बाजू एकाच बनावटीच्या ठेवाव्यात.

पायरी ८: जोड प्रत्यक्ष करताना

काम सुरू करण्याआधी पुरवठा बंद करा, तो कुणी चालू करणार नाही याची सोय करा आणि टेस्टरवर न थांबता मीटरने वीज नसल्याची खात्री करा. मीटर आधी चालू असलेल्या ठिकाणी तपासून घ्या, म्हणजे 'शून्य' दाखवतोय तो खरोखर शून्य आहे हे कळतं.

वायर सोलायची लांबी टर्मिनलवर लिहिलेली किंवा कोरलेली असते. लांबी कमी पडली तर टर्मिनल इन्सुलेशनवर आवळलं जातं आणि जोड वरवर घट्ट, आतून अर्धवट राहतो. जास्त झाली तर उघडं तांबं बाहेर दिसतं. ब्लेडने सोलताना बारीक तारा कापल्या जातात. २.५ चौ. मिमीच्या वायरमधल्या पाचव्या हिश्शाच्या तारा तुटल्या तर तिथे ती २ चौ. मिमीचीच उरते. म्हणून मापाचा वायर स्ट्रिपर वापरा.

स्क्रूखाली जाणाऱ्या लवचीक वायरला डाख देऊन टोक कडक करायची सवय सोडून द्यावी. डाखाचा धातू मऊ असतो, दाबाखाली हळूहळू सरकतो आणि स्क्रू सैल पडतो. शिवाय डाख जिथे संपतो तिथे वायर वाकून तुटते. त्याऐवजी बूटलेस फेरूल चढवून योग्य पक्कडीने क्रिंप करा, म्हणजे चेपून घट्ट बसवा. जर्मन मानकातले रंग असे: ०.५ पांढरा, ०.७५ करडा, १ लाल, १.५ काळा, २.५ निळा. फ्रेंच रंगसंगतीत काही रंग वेगळे आहेत, म्हणून रंगापेक्षा पाकिटावरचा आकडा वाचा. साध्या पकडीने चेपलेला फेरूल क्रिंप झाला असं मानू नका. रॅचेटची पक्कड पूर्ण दाब आल्याशिवाय उघडतच नाही, आणि तेच आपल्याला हवं आहे.

एका टर्मिनलात दोन वायरी घालायच्या असतील तर माहितीपत्रकात तशी परवानगी पाहा. नसेल तर जंपर लावून शेजारचं टर्मिनल घ्या, किंवा दोन वायरींचा जोड-फेरूल वापरा. वेगवेगळ्या जाडीच्या दोन वायरी एका स्क्रूखाली घातल्या की जाड वायर दाब घेते आणि बारीक मोकळी राहते.

जोड झाल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून पाहा. हिसका नको, सरळ ठाम ओढ. मग क्रमांकाच्या पट्ट्या लावा, आत्ताच, 'नंतर करू' म्हणू नका.

पायरी ९: तपासणी, आणि जळालेलं टर्मिनल सापडलं तर

चालू लोडवर जोडाची तब्येत पाहायला थर्मल कॅमेरा सर्वांत उपयोगी. एकाच लोडच्या तीन फेजांची टर्मिनलं सारखी गरम असायला हवीत. एखादं शेजाऱ्यांपेक्षा ठळकपणे गरम दिसलं तर तो जोड संशयित. कॅमेरा नसेल तर प्रशिक्षित माणसाने, योग्य प्रोब आणि हातमोजे वापरून, जोडाच्या दोन बाजूंमधले मिलिव्होल्ट मोजावेत. १० अँपिअर वाहत असताना १० मिलिव्होल्ट म्हणजे रोध १ मिलिओहम. इथेही तीन फेजांची तुलना करा, एकटा आकडा फार काही सांगत नाही.

स्क्रूची टर्मिनलं ठरावीक काळाने, पुरवठा बंद करून, टॉर्कच्या आकड्यानुसार तपासावीत. दर वेळी 'अजून पाव फेरा' देत राहिलं तर तार चिरडते. स्प्रिंगच्या टर्मिनलात आवळण्यासारखं काही नसतं, तिथे फक्त तार ओढून आणि रंग पाहून घ्यायचा.

जळालेलं टर्मिनल पुन्हा आवळून चालवू नका. तापलेल्या स्प्रिंगचा ताण गेलेला असतो, पिंजऱ्यावर ऑक्साईड चढलेला असतो आणि काळं पडलेलं प्लॅस्टिक आता वीज अडवेलच असं नसतं. ते काढून टाका. तारेचं टोक लालसर चमकदार तांबं दिसेपर्यंत आणि इन्सुलेशन मऊ लागेपर्यंत कापा. वायर आखूड पडत असेल तर नवीन वायर ओढा. दोन्ही बाजूंची शेजारची टर्मिनलंही सोडवून पाहा, कारण उष्णता तिथपर्यंत गेलेली असते. आणि नवीन टर्मिनल मागवण्याआधी लोडचा करंट मोजा, वायरची जाडी पाहा, फेरूल होता का ते पाहा. कारण न शोधता तेच टर्मिनल त्याच जागी बसवलं, तर तेही त्याच वाटेने जाईल.